जपानी वेगवान गाड्यांचे सुटे भाग : भारतात येतात कसे, अडतात कुठे

एयरोसिटी (चंदीगड) : विमानतळ रस्त्यालगतच्या या वसाहतीत जपानहून मागवलेला खोका दारात पोहोचणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. जपानमधील गोदामातून निघालेला शॉकअॅब्सॉर्बरचा संच किंवा सायलेन्सर विमानाने दिल्लीला उतरतो, सीमाशुल्काचे सोपस्कार उरकतो आणि कुरिअरच्या गाडीतून पुढे येतो. पैसे भरले की वस्तू मिळते, इतका हा व्यवहार वरवर सोपा दिसतो. पण खोक्यात येतो तो केवळ भाग. तो ज्या इंधनासाठी आखला गेला, ज्या तपासणी पद्धतीत त्याला मान्यता मिळाली आणि ज्या सूचीत त्याचा क्रमांक नोंदला गेला, ती सारी व्यवस्था जपानमध्येच राहते. भारतातील मालकाच्या अडचणी सुरू होतात त्या याच ठिकाणी.

जपानी गाड्यांचे ‘ट्यूनिंग’ म्हणजे कारखान्यातून आलेल्या गाडीचे इंजिन, निलंबन, ब्रेक, चाके आणि इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक यांत फेरफार करून तिची क्षमता वाढवणे. हा उद्योग तेथे पन्नास वर्षांहून अधिक जुना आहे. यामाहा कंपनीतील नोकरी सोडून हिरोयुकी हासेगावा यांनी १९७३ मध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी ‘एचकेएस’ची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षी प्रवासी गाड्यांसाठी टर्बोचा संच बाजारात आणला. त्याच वर्षी, म्हणजे १९७३ मध्ये, होंडाचे संस्थापक सोइचिरो होंडा यांचे पुत्र हिरोतोशी यांनी ‘मुगेन’ सुरू केली. निस्सानची ‘निस्मो’ १९८४ मधली, तर निलंबनासाठी ओळखली जाणारी ‘टाइन’ १९८५ मधली. १९८३ पासून भरणारे टोकियो ऑटो सलोन हे प्रदर्शन आज या साऱ्या उद्योगाचा वार्षिक मेळावाच झाले आहे.

या उद्योगाला खरे बळ मिळाले ते एका अलिखित करारातून. १९८९ च्या सुमारास जपानी वाहन उत्पादकांनी देशांतर्गत विकल्या जाणाऱ्या गाड्यांची जाहीर शक्ती २८० अश्वशक्तीपलीकडे न नेण्याचे आपसांत ठरवले. २००४ मध्ये होंडाच्या ३०० अश्वशक्तीच्या लेजंडने ही मर्यादा ओलांडेपर्यंत तो संकेत पाळला गेला. कागदावर सर्वांची शक्ती एकच असल्यामुळे चढाओढ इंजिनाच्या मजबुतीत होत राहिली. निस्सान स्कायलाइन जीटी-आरमधील २.६ लिटरचे आणि टोयोटा सुप्रामधील ३ लिटरचे इंजिन, दोन्ही बिडाच्या ठोकळ्यांची, जाहीर शक्तीपेक्षा कितीतरी अधिक भार सोसू शकत होती. अमेरिकेत विकली गेलेली सुप्रा ३२० अश्वशक्तीची होती, हा त्याचा पुरावाच. कारखान्याने राखून ठेवलेली ही ताकद मोकळी करण्याचे काम सुटे भाग बनवणाऱ्यांनी केले.

मात्र ते मोकाट नव्हते. जपानमध्ये नव्या खासगी मोटारीची तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी होते. तिला ‘शाकेन’ म्हणतात. १९९५ मध्ये तेथील सरकारने काही ठरावीक भागांच्या बदलांसाठी स्वतंत्र अर्जाची अट शिथिल केली. त्यापलीकडच्या मोठ्या बदलांसाठी गाडी पुन्हा तपासून घेऊन तिच्या कागदपत्रांत तशी नोंद करून घेण्याची वाट ठेवली. क्रीडा सायलेन्सरसाठी ‘जास्मा’ या संघटनेची मानके आहेत. मिश्रधातूच्या चाकांवर ‘जेडब्ल्यूएल’ आणि ‘व्हीआयए’ ही चिन्हे असतात. पहिले चिन्ह चाक तांत्रिक मानकानुसार बनल्याचे सांगते, तर दुसरे त्याची स्वतंत्र संस्थेकडे चाचणी व नोंदणी झाल्याचे. थोडक्यात, जपानमधील मालकाला बदल करता येतो आणि तो बदल कायदेशीर आहे हे सिद्धही करता येते. भारतीय मालकाला पहिली सोय विकत मिळते, दुसरी मिळत नाही.

भारतात अशा गाड्या आहेत तरी किती प्रकारच्या? अमेरिकेत २५ वर्षे जुनी झालेली परदेशी गाडी तेथील सुरक्षा मानकांच्या अटीतून सुटते, त्यामुळे नव्वदच्या दशकातील स्कायलाइन तेथे रीतसर पोहोचतात. भारताचा नियम जवळपास उलटा आहे. जुनी मोटार आयात करायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि ती मुंबई बंदरातूनच यावी, अशा अटी आहेत. परिणामी चित्रपटांतून आणि संगणकीय खेळांतून तरुणांना पाठ झालेल्या बहुतेक गाड्या येथे रीतसर येऊच शकत नाहीत. उरतात त्या अधिकृतपणे विकल्या गेलेल्या. त्यांत निस्सानची ३७०झेड आहे, डिसेंबर २०१६ मध्ये १ कोटी ९९ लाख रुपयांना दाखल झालेली जीटी-आर आहे आणि मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन आहे. हिंदुस्तान मोटर्सने तमिळनाडूतील तिरुवल्लूर येथे बांधलेल्या लान्सर आणि सेडिया या त्यांच्या मानाने सामान्यांच्या गाड्या. सेडियाने राष्ट्रीय रॅली स्पर्धा अनेक वर्षे गाजवल्या. शेव्हर्लेच्या नावाने विकली गेलेली फॉरेस्टर ही मुळात सुबारूची गाडी. तिच्या मालकाला सुटा भाग मागताना आजही शेव्हर्ले विसरून सुबारू म्हणावे लागते.

पण भारतातील हौशी मंडळींची खरी लाडकी गाडी या यादीतील सर्वांत स्वस्त आहे. होंडाने १९९८ मध्ये ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून सिटी बाजारात आणली. तिची दीड लिटरची ‘व्हीटेक’ आवृत्ती सुमारे १०६ अश्वशक्तीची होती आणि वजनाने हलकी होती. २००३ मध्ये पुढची पिढी आल्यावर ती बंद झाली. नव्या सिटीची शक्ती ७७ अश्वशक्तीवर उतरल्यामुळे जुनीची किंमत रसिकांच्या लेखी आपोआप वाढली. लोणावळ्याजवळील अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या वेगाच्या स्पर्धांपासून पंजाबातील गॅरेजांपर्यंत ही गाडी आजही दिसते. गंमत अशी, की ही ‘जपानी’ गाडी जपानमध्ये विकलीच गेली नाही. ती आशियाई बाजारासाठी बनली आणि १९९६ मध्ये प्रथम थायलंडमध्ये आली. त्यामुळे जपानच्या नामांकित उत्पादकांच्या सूचीत तिच्यासाठी स्वतंत्र पान बहुधा सापडत नाही. तिचे इंजिन त्या काळच्या सिव्हिकच्या ‘डी’ मालिकेतील असल्याने इंजिनाचे काही भाग सिव्हिकच्या नावाने मिळू शकतात. निलंबनाचे, बॉडीचे आणि रबरी भाग मात्र थायलंडकडून किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारातून शोधावे लागतात.

येथे भागाच्या क्रमांकाचे महत्त्व कळते. जपानमध्ये विकलेल्या गाडीला सतरा अक्षरी आंतरराष्ट्रीय क्रमांक नसतो. तिच्या सांगाड्यावर मॉडेलचे चिन्ह आणि पुढे अनुक्रमांक असतो, जसे ‘बीएनआर३४’ आणि त्यानंतर सहा अंक. जपानी विक्रेत्याची सूची या क्रमांकावर चालते. भारतात बनलेल्या होंडाचा क्रमांक ‘एमएके’ने आणि मारुतीचा ‘एमए३’ने सुरू होतो, तो जपानी सूचीत टाकला तर काहीच हाती लागत नाही. अशा वेळी थेट भाग क्रमांक विचारणे हाच खात्रीचा मार्ग. होंडाचा क्रमांक तीन तुकड्यांत असतो. ‘१५४००-पीएलएम-ए०२’ हे उदाहरण घेता येईल. पहिले पाच अंक भाग कोणता ते सांगतात, येथे तेलाची गाळणी. मधली तीन अक्षरे तो मुळात कोणत्या इंजिनासाठी किंवा मॉडेलसाठी बनला ते, आणि शेवटची त्यातील सुधारणा. जुन्या भागावरचा हा क्रमांक पुसण्याआधी टिपून ठेवणारा मिस्त्री मालकाचे हजारो रुपये वाचवतो. नुसता फोटो पाठवून ‘हाच हवा’ म्हणणाऱ्याच्या दारात कित्येकदा अर्ध्या इंचाने चुकलेला भाग येतो, आणि परत पाठवण्याचा खर्च भागाच्या किमतीला भिडतो.

खरेदीची पद्धतही वेगळी आहे. जपानमधील अनेक दुकाने आणि लिलावाची संकेतस्थळे परदेशी पत्त्यावर माल पाठवत नाहीत. म्हणून तेथील पत्ता वापरू देणारे, भाग विकत घेऊन, तपासून, एकत्र बांधून पुढे पाठवणारे मध्यस्थ उभे राहिले. काही उत्पादक मागणी आल्यावरच एक तुकडी बनवतात, त्यामुळे महिनोन्महिने थांबावे लागते. नवख्या खरेदीदाराला बिचकवतो तो वाहतुकीचा हिशेब. हवाई मालवाहतूकदार प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी आणि उंची यांच्या सेंटिमीटरमधील गुणाकाराला सामान्यतः ५,००० ने भागले जाते. समोरचा बंपर वजनाला पाच-सहा किलो असेल. पण त्याचा खोका १८० बाय ६० बाय ५० सेंटिमीटरचा झाला, तर आकारणी १०८ किलोची होते. उलट शॉकअॅब्सॉर्बरचा संच जड असला तरी छोट्या खोक्यात मावतो आणि तुलनेने स्वस्तात येतो. म्हणूनच जाणकार मालक बॉडीचे भाग समुद्रमार्गे मागवतात किंवा स्थानिक फायबरवाल्याकडून बनवून घेतात.

त्यानंतर सीमाशुल्क. मोटारींच्या सुट्या भागांचे मुख्य शीर्ष ८७०८ आहे. त्यावर साधारणपणे १५ टक्के मूळ सीमाशुल्क, त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सर्वांच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये हा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. एक लाख रुपयांच्या मालावर १५,००० रुपये शुल्क, १,५०० रुपये अधिभार आणि १,१६,५०० रुपयांवर २०,९७० रुपये कर, असा एकूण खर्च १,३७,४७० रुपये होतो. हे मूल्य वाहतूक आणि विमा धरून काढले जाते. मात्र विमानाने आलेल्या मालाचे भाडे मूळ किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच मूल्यात धरायचे, अशी तरतूद आहे. अवाढव्य खोक्यांच्या बाबतीत ती मालकाच्या फायद्याची ठरते. ऑगस्ट २०११ पासून लागू असलेल्या भारत-जपान सर्वंकष आर्थिक भागीदारी कराराखाली काही वस्तूंना सवलत मिळते. त्यासाठी माल जपानी बनावटीचा असल्याचे मूळ प्रमाणपत्र लागते आणि एकेकटा भाग विकणारा दुकानदार ते काढून देण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही.

वापरलेल्या भागांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मलेशियासारख्या देशांत जपानी गाडीचा पुढचा अर्धा भाग, इंजिन आणि गिअरबॉक्ससह कापून आणून विकण्याचा मोठा व्यापार आहे. त्याला ‘हाफ-कट’ म्हणतात. भारताच्या परकीय व्यापार धोरणात भांडवली यंत्रसामग्री सोडून इतर वापरलेल्या मालाची आयात ‘निर्बंधित’ आहे, म्हणजे तिला स्वतंत्र परवानगी लागते. घरगुती सामान म्हणून लिहून आणलेले वापरलेले इंजिन सीमाशुल्क अधिकाऱ्याने अडवले, तर मालकाकडे सांगण्यासारखे काही उरत नाही. टायरची गोष्टही अशीच. ते भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या मानकाखाली येतात आणि जून २०२० मध्ये अनेक प्रकारच्या नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत गेली.

शिवाय बाजारात बनावट माल उदंड आहे. नामांकित जपानी चाकांच्या हुबेहूब नकला, टर्बोच्या झडपा, अगदी ब्रेकची पॅडेसुद्धा मिळतात. निस्तेज बोधचिन्ह किंवा खोक्यावरची चुकीची अक्षरे यांवरून ओळख पटेलच असे नाही. चाक ओतताना धातूत राहिलेली पोकळी बाहेरून दिसत नाही, ती खड्ड्यात आदळल्यावर दिसते. दिखाऊ भागाची नक्कल फार तर खिशाला लागते. चाक, ब्रेक आणि स्टिअरिंगच्या भागाची नक्कल जिवावर बेतते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ मध्ये, सुरक्षेसाठी महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेले मानकबाह्य भाग विकणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंडाची तरतूद आहे ती यामुळेच.

भाग अस्सल आहे, शुल्क भरले आहे, तरीही इंजिन बिघडू शकते. कारण इंधन. जपानमध्ये उच्च ऑक्टेन पेट्रोलची प्रमाणित किमान पातळी ९६ आहे आणि पंपांवर मिळणारे पेट्रोल १०० च्या आसपास असते. एप्रिल २०२० मध्ये लागू झालेल्या बीएस-६ मानकांत साध्या पेट्रोलची किमान पातळी ९१ ठरवली गेली. टर्बो इंजिनात हवा दाबून भरली जाते. ऑक्टेन कमी असेल तर ठिणगी पडण्याआधी किंवा पडल्यावर इंधन भलत्या ठिकाणी पेटते. यालाच मिस्त्री ‘नॉकिंग’ म्हणतात. सतत नॉकिंग झाले की पिस्टनची कड झिजते, तुटते. जपानमध्ये १०० ऑक्टेनवर बसवलेला संगणकाचा नकाशा तसाच येथे वापरणे म्हणून धोक्याचे. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे ‘एक्सपी१००’ पेट्रोल प्रथम दहा शहरांत आणले. त्यांत चंदीगड आणि लुधियाना होते, तसेच मुंबई आणि पुणेही. सोय झाली, पण ती ठरावीक पंपांपुरतीच.

दरम्यान इथेनॉलने गणित बदलले. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉलचा ऑक्टेन मोठा असल्याने या मिश्रणासाठी भारतीय मानकात किमान ९५ ची पातळी आहे, म्हणजे नॉकिंगचा धोका कमीच होतो. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो. २० टक्के मिश्रणाला हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते, म्हणजे तेवढ्याच हवेत अधिक इंधन सोडावे लागते. सावकाश चालवताना ऑक्सिजन मापक ही तूट भरून काढतो. पण अनेक जुन्या गाड्यांत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर संगणक मापकाचे न ऐकता ठरलेल्या आकड्यांवर चालतो. नेमक्या त्या क्षणी मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि सीलवर इथेनॉलचा परिणाम होतो. कोल्हापूर-सांगलीच्या ऊस उत्पादकाला सुखावणारे हे धोरण २००१ च्या सिटीच्या नळ्यांना मात्र मानवणारे नाही. त्यामुळे आज भारतात ट्यूनिंगचा पहिला खर्च टर्बोवर नव्हे, तर इंधनवाहिन्या, पंप, इंजेक्टर आणि येथील इंधनावर नव्याने बसवलेला संगणकाचा नकाशा यांवर होणे शहाणपणाचे.

कायद्याची बाजू सर्वांत कठीण आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने भाग बसवून अवैध बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. कायद्याच्या लेखी ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेतील असा फेर, ज्यामुळे तिचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते. त्यामुळे झिजलेल्या ब्रेक पॅडच्या जागी त्याच मापाची चांगली पॅडे घालणे आणि दुसऱ्या जातीचे इंजिन बसवणे या एका पारड्यात तोलण्याच्या गोष्टी नाहीत. मधला पट्टा मात्र धूसर आहे. गाडी किती खाली घेतली, चाक किती रुंद केले, शक्ती किती वाढवली, याचा निवाडा रस्त्यावरच्या पोलिसाच्या नजरेवर आणि तपासणी निरीक्षकाच्या विवेकावर राहतो. सायलेन्सरबाबत तेवढा संशय नाही. आवाज किंवा धुराचे मानक मोडल्यास कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने परवाना अपात्रता संभवते. बदल न कळवल्यास विमा कंपनीशी वाद होतो तो निराळाच.

जपानसारखी एकेका गाडीची तपासणी करून बदल नोंदवून देण्याची सुटसुटीत व्यवस्था भारतात उभी राहिलेली नाही. सीएनजी संचासारख्या गोष्टींना पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांकडून मान्यता मिळते, पण ती उत्पादकाने त्या प्रकारच्या संचासाठी घ्यायची असते. एका मालकाने एका गाडीच्या निलंबनासाठी तो खर्च करावा, अशी अपेक्षा व्यवहार्य नाही. याचा परिणाम असा होतो की काळजीपूर्वक, अस्सल भाग वापरून केलेले काम आणि बेफिकिरीने केलेली मोडतोड कागदावर सारखीच ठरतात.

एयरोसिटीतील मालकाला हे लवकर कळते. पत्त्यात चंदीगड लिहिले जात असले तरी ‘गमाडा’ या विकास प्राधिकरणाने वसवलेली ही वसाहत पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात आहे. गाडीची नोंदणी ‘पीबी ६५’ची, आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी जायचे ते मोहालीच्या परिवहन कार्यालयात. १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर दिल्लीत आलेली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केलेली बंदी यामुळे तेथील अनेक जुन्या गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत गेल्या. अशी सिटी विकत घेणाऱ्याने इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक नोंदणी पुस्तिकेशी ताडून पाहणे अत्यावश्यक आहे, कारण आधीच्या मालकाने बदललेले इंजिन नव्या मालकाच्या गळ्यात पडते. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क पाच हजारांवरून दहा हजार रुपये झाले. व्हीटेक आवृत्तीच्या सगळ्या गाड्या आता या वयात आल्या आहेत. तपासणीच्या दिवसासाठी मूळ सायलेन्सर, मूळ स्प्रिंग आणि हवेच्या गाळणीचा डबा जपून ठेवणारे मालक म्हणूनच पुष्कळ आढळतात.

ज्यांना वेगाची खरी हौस आहे त्यांच्यासाठी ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट, चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई आणि कोइम्बतूरची करी स्पीडवे आहेत. तेथे स्पर्धेचे नियम लागू होतात आणि बदलांची मुभा त्या नियमांनी ठरते. फक्त शर्यतीसाठी बांधलेली गाडी तेथपर्यंत ट्रकवर न्यायची, हा खर्च धरूनच हिशेब मांडावा लागतो.

जुन्या गाड्यांच्या भागांसाठी मूळ उत्पादक पुन्हा पुढे येऊ लागले, ही अलीकडची दिलासादायक घडामोड. निस्सानने डिसेंबर २०१७ मध्ये ‘निस्मो हेरिटेज’ योजनेखाली १९८९ च्या पिढीच्या जीटी-आरचे भाग पुन्हा बनवायला घेतले. टोयोटानेही सुप्रासाठी तसेच केले. भारतात आलेल्या आर३५ पिढीच्या जीटी-आरचे उत्पादन ऑगस्ट २०२५ मध्ये, १८ वर्षांत सुमारे ४८ हजार गाड्या बनल्यावर थांबले; तिच्याही मालकांची नजर आता अशा योजनांकडे लागेल. जपानमध्ये कधीच न विकलेल्या सिटीला या योजनांचा आधार नाही. तिचे रबरी बुश लुधियान्याच्या किंवा कोल्हापूरच्या लेथवाल्याकडून मापाप्रमाणे करून घेतले जातात, इंजिनाचे पॅकिंग काश्मिरी गेटला मिळते, आणि जे कुठेच मिळत नाही ते मुंबईतील कुर्ल्याच्या भंगार बाजारात, मोडीत निघालेल्या दुसऱ्या सिटीतून काढले जाते.